माघारी फिरणे : अर्थ आणि उपयोग

७ डिसेंबर, रविवार. सकाळी १०.
गिरिजा आज सव्वाआठच्या एसटीनं लेकीकडं कळंबला गेली. कारण किरकोळ. चार दिवसांत माघारी येईल. हा चारचा आकडा अंदाजाचा नाही, बेचाळीस वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे.

कारण नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी तिखटमीठ लावायला नको. परवा माकणीला सासूबाईंचं, कै. कस्तुराबाईंचं, वर्षाचं पुण्यस्मरण झालं. आईवर चार शब्द बोलायचे म्हणून गिरिजानं आयुष्यात पहिल्यांदा एक पान लिहिलं. आदल्या दिवशी ती भाजी आणायला गेली तेव्हा मी ते तपासून ठेवलं. लाल पेनानं. चौदा चुका. सातवी शिकलेल्या बाईच्या मानानं प्रगती समाधानकारक. पण ऐनवेळी त्या लाल रेघांतून तिला स्वतःचंच अक्षर लागेना. अडखळली. मग मीच कागद घेतला, खणखणीत वाचला, आणि जमलेल्या पोरासोरांना फायदा व्हावा म्हणून चौदाही चुका समजावून सांगितल्या. लोक हसले. पुण्यस्मरणाला इतकं खेळीमेळीचं वातावरण मी तरी पाहिलेलं नाही.

गिरिजा हसली नाही. दोन दिवस बोलली नाही. आज पिशवी उचलली आणि म्हणाली, "त्यो कागद व्हता तसा करून द्या. मग माघारी येते."

तपासलेला कागद न तपासलेला कसा करणार? एकतीस वर्षं मराठी शिकवलं. एकही शेरा मागं घेतला नाही. हेडमास्तरांनी सांगूनसुद्धा.

संकल्प: रोज ही वही लिहायची. स्वयंपाक स्वतः. टेन्शन घ्यायचं नाही. फोन आपण होऊन करायचा नाही.

८ डिसेंबर, सोमवार.
काय योग असतात! उमरग्याच्या कॉलेजातून प्रा. रणधीरचा फोन. माझा जुना विद्यार्थी. आपल्या जिल्ह्याच्या बोलीचा शब्दकोश निघतोय. माझ्या वाट्याला क्रियापद आलंय 'माघारी फिरणे'. अर्थ, उपयोग, उदाहरणं. डेडलाइन ३१ डिसेंबर. मी म्हणालो, चार दिवसांत घे. तो म्हणाला, घाई नाही सर, पण उदाहरणं पुस्तकी नकोत, बायामाणसांच्या तोंडची हवीत. तुमच्या तर घरातच खजिना आहे. माझ्याबद्दलच म्हणाला असणार.

दुपारी १२.४०. मसुदा तयार. 'माघारी फिरणे : ज्या दिशेने गेलो, तिच्या उलट दिशेने येणे. समानार्थी : परतणे.' चोख. उदाहरणं तेवढी सुचायची आहेत.

दुपारी १. विचार करता करता कांदा परतायचा राहिला. करपला. ते परतणे वेगळं आणि हे वेगळं, हे कोशात स्पष्ट करावं लागेल.

११ डिसेंबर, गुरुवार.
चार दिवस पूर्ण. गिरिजा आली नाही. मुरुम ते उमरगा, उमरगा ते धाराशिव, धाराशिव ते कळंब. तीन गाड्या बदलायच्या. एक जरी चुकली तरी दिवस जातो. तेच झालं असणार.

लेकीला, गायत्रीला, फोन केला. हा फोन कोशासाठी होता, म्हणून संकल्पात मोडत नाही. म्हटलं, आईला विचार, 'माघारी फिरणे'ची दोनचार उदाहरणं सांग म्हणावं. पलीकडं काहीतरी कुजबुज झाली. मग गायत्री म्हणाली, आई विचारते कागद झाला का. मी सांगितलं की हा प्रश्न विषयाला धरून नाही. फोन कट झाला. कळंबला रेंजचा प्रॉब्लेम आहे.

संध्याकाळी समोरच्या शब्बीर टेलरकडं जाऊन बसलो. त्यानं पटापट सांगितलं. मांजर आडवं गेलं आन माघारी फिरलो. वेशीतून वरात माघारी फिरली. मग म्हणाला, म्हशी सांजच्याला आपसूक माघारी फिरत्यात गुरुजी, माणसाला आणायला जावं लागतंय. मी त्याला समजावलं की हे उदाहरण नाही, सल्ला आहे, आणि कोशात सल्ल्याला जागा नसते. त्यानं मान खाली घालून काज करायला घेतलं.

१४ डिसेंबर, रविवार.
जावई महारुद्र आले होते. मित्राचा छोटा टेम्पो घेऊन. गिरिजाची शिलाई मशीन घेऊन गेले. 'आईंना तिकडं जरा लागतीय' म्हणाले. कळंबला सर्व्हिसिंग चांगलं होतं, हे मी ऐकून आहे. सर्व्हिसिंग करून आणायची कल्पना उत्तम. मशीन जड, हातावर आणण्यासारखी नाही, तेव्हा येतानाही टेम्पोच करावा लागेल.

महारुद्र माणूस शांत. चहा प्याले. मशीनचं तेल कुठं, कात्री कुठं, टेप कुठं, एकेक विचारून घेतलं. जाताना दारात थांबून सगळ्या घरावर एकदा नजर फिरवली. मयताच्या घरी भेटायला आलेली माणसं उठताना बघतात, तसं. मला आवडलं नाही. मी म्हटलं, सगळं ठीक आहे. त्यांनी विचारलं नव्हतं.

खिडकीखाली फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग आहेत. पुसले. निघत नाहीत.

१६ डिसेंबर, मंगळवार. दुपारी ३.१०.
मोबाइलवर सहा आकडी ओटीपी आला. मागोमाग गायत्रीचा फोन. बाबा, तेवढे आकडे सांगा. आजकाल फसवणूक फार, पण पोटची लेक आहे. मी एकेक आकडा स्पष्ट उच्चारात सांगितला. दोनदा. हल्लीच्या मुलांना 'एकोणसाठ' कळत नाही म्हणून 'पाच, नऊ' असंही सांगितलं.

मग विचारलं, कशाचा होता. म्हणाली, आईच्या आधार कार्डाचा. पत्त्याचं काम होतं. मी विचारलं, पत्त्यात चूक होती का? ती 'हो' म्हणाली.

चूक दुरुस्त करणाऱ्याला मी कधी अडवलेलं नाही. माय आणि लेक दोघी मार्गावर येतायत, हे बघून बरं वाटलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस.
वेळ अमावस्येचं जेवण अमरसिंहच्या शेतात. हाही माझा विद्यार्थी. दर वर्षी आमच्या घरचं भज्जीचं, म्हणजे मिसळीच्या भाजीचं, पातेलं इकडं यायचं, लोक चाटूनपुसून खायचे. यंदा मी पाव किलो फरसाण नेलं.

कडब्याच्या कोपीभोवती, म्हणजे पूजेच्या खोपटाभोवती, आंबील शिंपडत सगळे आरोळ्या देत पळाले. जोडीजोडीनं. मीही पळालो. एकट्यानं पळताना माणूस कुणाचा तरी पाठलाग करतोय असं दिसतं, हे मला तिसऱ्या फेरीत जाणवलं. थांबलो. जेवायला बसलो तेव्हा बायकांची बडबड चालू होती ती एकदम थांबली. माझा दरारा अजून आहे.

अमरसिंहची आई धुरपताबाई. वय ऐंशीच्या पुढं. ऐकू कमी येतं, त्यामुळं बोलणं अख्ख्या शिवाराला ऐकू जातं. मला म्हणाली, "बंडप्पा, गिरिजा माघारी आली का न्हाय?" मी लगेच खिशातून चिठ्ठी काढून वाक्य टिपून घेतलं. अस्सल उदाहरण. तिला वाटलं मी औषधाचं नाव लिहितोय. मग म्हणाली, "कस्तुराच्या माघारी त्या पोरीला हाय कोण?"

हेही टिपलं, पण कामाचं नाही. इथं 'माघारी'चा अर्थ 'पश्चात', म्हणजे माणूस गेल्यावर. त्याचा फिरण्याशी संबंध नाही. माझा विषय फक्त फिरणे. गिरिजानंही त्या पानात 'आईच्या माघारी' असंच लिहिलं होतं. मी ते खोडून 'पश्चात' केलं होतं. चूक क्रमांक एक.

कोण काय, मीच आहे ना. असं मी धुरपताबाईला मोठ्यानं सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. बाकीच्यांना आलं असणार, सगळे एकदम भाकरी मोडायला लागले.

२३ डिसेंबर, मंगळवार.
रेशन दुकानात मशीनवर अंगठा दिला. दुकानदार म्हणाला, गुरुजी, तुमच्या कार्डावर आता एकच नाव दिसतंय. मी म्हटलं, मशीनचा दोष. तो म्हणाला, व्हय, मशीनचाच असंल. आणि माझ्याकडं न बघता गहू मोजायला लागला. माझ्या मागं रांगेत सात माणसं होती. सातही जणांना एकदम फोन आले.

सॉफ्टवेअरमध्ये एरर येतात. घाबरण्यासारखं काही नाही. हे वाक्य या आठवड्यात तिसऱ्यांदा मनाशी म्हणतोय, सवय मोडायला हवी.

दुपारी चक्कर आली. बीपीच्या गोळ्या दोन प्रकारच्या. एक सकाळची, एक रात्रीची. कुठली कुठली, हे गिरिजाच्या डोक्यात. फोन करून विचारणार होतो. पण गोळीसाठी केलेला फोन कोशासाठी केलेला धरता येत नाही, ती सरळ माघार ठरली असती. दोन्ही घेतल्या.

संध्याकाळी ५. पलंगावर पडलो होतो. घरात कसलाच आवाज नव्हता. पाण्याची टाकी भरून वाहत होती, तेवढाच. पूर्वी मोटार कोण बंद करायचं, हे मला आज कळलं. भीती वाटली. हो, वाटली. लिहून टाकतो, कुणी वाचणार नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार.
रणधीरला अकरा पानं पाठवली. व्युत्पत्ती, व्याकरण, प्राचीन मराठीतली रूपं, तळटीपा. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: 'सर, उदाहरणं?'

हेच तर अडलंय. मी वाक्य रचलं की ते शाळेतल्या फळ्यावरचं होतं. 'गोपाळ गावाहून माघारी फिरला.' कोण हा गोपाळ?

शेवटी फाईलमधून गिरिजाचं ते पान काढलं. फक्त उदाहरण मिळतं का बघायला. हातात पेन न घेता ते आज पहिल्यांदा वाचलं. माझ्या रेघा वगळून उतरवतो:

'आईच्या माघारी मला माहेर ऱ्हायलं न्हाई. सूट्टी सरली की ती मला फाट्यापस्तोर घालवाया यायची. यसटी हालली की माघारी फिरायची आन पुन्हा वळून बघायची न्हाई. मी म्हनायची, आई लई कठोर हाय. मागल्या वरशी मावशी बोलली, ती रडत माघारी यायची म्हून बघत न्हवती.'

पाच ओळींत शब्द तीनदा. माझ्या अकरा पानांत जे नाही, ते सगळं.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. माकणीला मी हे वाचत होतो तेव्हा 'रडत माघारी यायची' या वाक्याला लोक हसले होते. कारण मी तिथं थांबून 'न्हवती' चुकीचं का आहे ते सांगत होतो.

२९ डिसेंबर, सोमवार.
निर्णय. त्या पानाची स्वच्छ प्रत मी माझ्या हातानं काढणार. होती तशी. चौदाही चुकांसकट. ही माघार नव्हे, हे संशोधन आहे. मूळ संहिता जपणं हे अभ्यासकाचं कर्तव्यच असतं. आणि कर्तव्य करून झाल्यावर ती प्रत तिला दिली, तर त्यात कमीपणा कसला?

सकाळी नऊला बसलो, सव्वाअकराला उठलो. एका पानाला सव्वादोन तास. 'सूट्टी' दीर्घ लिहिताना पेन दोनदा खाली ठेवला. पण लिहिलं. निळ्या शाईत, ठळक अक्षरात. 'न्हवती' लिहिलं. 'यसटी' लिहिलं. दोनदा तपासून पाहिलं. अचूक.

शब्बीरला सांगितलं, गुरुवारी कळंबला जातोय, येताना दोघं असू. तो उठून उभा राहिला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, गुरुजी, अजून येळ हाय, जा. 'अजून' कशाला म्हणाला?

१ जानेवारी, गुरुवार. धाराशिव बसस्थानक, दुपारी ४.
सकाळी सहाला निघालो. साडेअकराला कळंब. गायत्रीकडं गिरिजा नव्हती. पलीकडच्या गल्लीत एक खोली घेतलीय म्हणे. पंधरवडा झाला. गायत्रीनं खोलीच्या दारापर्यंत सोडलं आणि ती तिथूनच गेली.

दारावर खडूनं लिहिलेलं: 'ब्लाऊज शीवून मीळेल'. दोन चुका. माझा हात खिशातल्या पेनाकडं गेला. मी तो माघारी घेतला. स्वतःच्या हातानं, स्वतःहून. हे इथं मुद्दाम नोंदवतो, कारण बघायला कुणी नव्हतं.

गिरिजा मशीनवर होती. पाणी दिलं. वाळलात, म्हणाली. मी प्रत पुढं केली. म्हटलं, व्हता तसा केलाय. माझ्या तोंडून 'व्हता' गेलं, तेव्हा ती जराशी हसली. त्या क्षणी मला वाटलं, झालं काम. पिशवी भरायला किती वेळ लागेल, तीनची गाडी मिळेल का, एवढा हिशोब मी मनात करूनही टाकला.

ती खिडकीशी गेली. ओळीखाली बोट ठेवत, ओठ हलवत वाचायला लागली. पहिल्याच ओळीवर बोट थांबलं. तिथंच राहिलं. मग मला कागद दाखवून म्हणाली, "ह्यो शब्द कुणाचा?"

'आईच्या पश्चात मला माहेर ऱ्हायलं न्हाई.'

अक्षर माझं. ठळक, निळं. मी शपथेवर सांगतो, मी 'माघारी' लिहिलं होतं. दोनदा तपासलं होतं. तेरा चुका जशाच्या तशा उतरल्या होत्या, आणि ही एक माझ्या हातानं मला न विचारता सुधारली.

मी म्हटलं, आण, पेन दे, आत्ता करतो. तिनं पेन दिला नाही. रागावलीही नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "तुमचा हातच तसा हाय. आईच्या माघारी एक वरीस काढलं म्या. तुमच्या माघारी बेचाळीस काढली, तुमी म्होरं बसलेलं असताना."

तिनं चहा केला. माझ्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली, एकावर 'सकाळ' आणि दुसऱ्यावर 'रात' लिहून दिलं. एकदम दोन घेत जाऊ नका म्हणाली. हे तिला कसं कळलं, कोण जाणे. मग मशीनखाली अडकलेलं कापड सोडवायला लागली. मी निघालो.

गाडी लागलीय. पुढं उमरग्याला लिहीन.

लिहिलं नाही.

४ जानेवारी, रविवार. सकाळी ११.
रणधीरला गिरिजाच्या पानाचा फोटो पाठवला होता. मूळ पानाचा, लाल रेघांसकट. डेडलाइन गेली होती, तरी त्यानं घेतला. आज फोन आला. लई भारी आहे सर, म्हणाला. अख्खं पान कोशात जसंच्या तसं घेतोय, खाली 'गिरिजाबाई, मुरुम' असं नाव देऊन. मुरुम लिहू ना? मी म्हटलं, तिला विचार.

माझ्या अकरा पानांचं काय, हे मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. त्यातली पहिली ओळ ठेवलीय.

मग म्हणाला, त्या लाल रेघा तेवढ्या काढून टाकल्या. मी म्हटलं, कशा काढल्या? म्हणाला, कॉम्प्युटरवर निघतात की सर, दोन मिनिटांचं काम.

दुपारी १२.३०. चौकातल्या नेट कॅफेतून त्यानं पाठवलेलं पान छापून आणलं. पांढरंशुभ्र. तिचं अक्षर. एक लाल ठिपका नाही. महिनाभर जे जगात होऊ शकत नाही असं मी सांगत होतो, ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून टेबलावर ठेवलंय.

दुपारी १. फोन केला. गोळीसाठी नाही, कोशासाठी नाही. फोन गिरिजानंच उचलला. मी म्हटलं, कागद झाला. खरंच व्हता तसा. माझा हात लागलेला नाही. आता माघारी ये.

ती म्हणाली, "ठिवा तुमच्याजवळ. म्या दुसरं लिवायला घेतलंय."

मी विचारलं, कशावर. म्हणाली, तुमच्यावर. मी विचारलं, किती पानं झाली. चाळीसेक झाली असतील, म्हणाली, अजून लगीन झाल्याचं पयलंच वरीस चालू हाय.

तरी धीर करून विचारायचं ठरवलं की मला वाचायला देशील का. एवढंच विचारायचं होतं. 'वाचायला'. तोंडातून 'तपासायला' निघालं.

तिनं फोन ठेवला.